कार्यशाळेची नोंदवही : फिटिंग, वेल्डिंग, वायरिंग (पहिली तुकडी)

३ जून
प्रवेश सुरू. लेखी परीक्षा घ्यायची नाही, हे पक्कं. लेखी परीक्षेतून कळतं ते एवढंच की कोण किती वर्षं शाळेत बसलं. इथे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची शाळा मध्येच सुटली आहे. काही अठरा पूर्ण झाली म्हणून बालगृहातून बाहेर पडलेले, काही लहानपणापासून कुठे ना कुठे मजुरीला. म्हणून प्रत्येकापुढे २ मिलिमीटरची तार, एक पक्कड आणि कागदावर काढलेला आकार ठेवला. ‘हा बनव.’ वेळेचं बंधन नाही. तार किती सुबक वाकली याला गुण नाहीत. चित्राकडे पुन्हा पाहतो का आणि चुकलं तर तार सरळ करून परत धरतो का, एवढंच टिपायचं. यातून कोणाला गाळायचं नाही. कोणाची सुरुवात कुठून करायची ते ठरवायचं.

ज्यांच्याकडे दाखले नाहीत त्यांनाही घ्यायचं. कागद मिळवून देणं हे आमचं काम. त्यासाठी एक माणूस नेमला आहे.

६ जून
विद्यावेतन महिन्याला नाही, दर आठवड्याला. हिशेब ठेवणाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, कारण चौपट कागदपत्रं. पण रोजंदारीवर जगणाऱ्या घरातला मुलगा महिनाभर थांबू शकत नाही. तिसऱ्या आठवड्यात तो नाक्यावर उभा राहतो आणि आमच्या हजेरीपटावर ‘अनियमित’ असा शेरा पडतो. त्यापेक्षा चौपट सह्या परवडल्या.

१० जून
व्हर्नियरचा, म्हणजे मिलिमीटरचेही बारीक भाग मोजणाऱ्या सरकत्या मापाचा, पहिला दिवस. मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर सरकपट्टीवर ५० भागांत वाटलेले, म्हणून वाचता येणारं सगळ्यांत लहान माप ०.०२ मिमी. फळ्यावर सगळ्यांना कळलं. हातात आल्यावर चौघांची वाचनं दर वेळी वेगळी. निदेशकांचं मत पडलं, ‘यांचं गणित कच्चं आहे.’ गणित कच्चं असेलही. पण एक मुलगी व्हर्नियर नाकाला टेकवून वाचत होती आणि दुसरा एक जण हात लांब करून. उद्या सगळ्या तुकडीची डोळ्यांची तपासणी.

१२ जून
तपासणी झाली. कोणती रेघ जुळते ते ज्यांना दिसतच नव्हतं, त्यांना आम्ही बेरीज शिकवत होतो. चष्म्यांची ऑर्डर गेली.

रंगांचीही तपासणी करून घेतली. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये तयार केलेले रंगीत ठिपक्यांचे तक्ते वापरले. एका मुलाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. त्याला स्वतःलाही आजवर माहीत नव्हतं आणि त्याने वायरिंगसाठी नाव दिलं होतं. जुन्या रंगपद्धतीत फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, लाल आणि अर्थ, म्हणजे गळती वीज जमिनीत नेणारी, हिरवी. त्याच्यासाठी याहून वाईट जोडी नाही. नव्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, निळी आणि अर्थ हिरवी-पिवळी पट्ट्यांची, ती त्याला सहज ओळखू येते. पण जुन्या इमारतींत जुन्याच वायरी भेटणार. त्याच्याशी बसून बोललो. तो म्हणाला, “सर, मग मी वेल्डिंगला जातो.” घाईने ठरवू नकोस, असं सांगितलं आहे. दोन्हीकडे आठवडाभर काम करून बघू दे.

१३ जून
व्हाइसचा, म्हणजे काम घट्ट धरणाऱ्या बाकावरच्या शिकंजाचा, जबडा कोपराच्या उंचीला हवा. आमची बाकं सगळी एकाच मापाची, उंच पुरुषाच्या हिशेबाने केलेली. बुटक्या मुलांसाठी आणि बहुतेक मुलींसाठी लाकडी पाट करायला टाकले. खांदे उचलून कानस चालवली की अर्ध्या तासात हात भरून येतो आणि मग ‘मुलींना हे जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

हातमोजे लहान मापाचे आणि बूट पायाच्या मापाचे मागवले. ड्रिलवर मात्र हातमोजे कोणीच घालायचे नाहीत. फिरत्या बिटात मोजा अडकला तर बोटही जातं. हे मोठ्या अक्षरांत ड्रिलच्या खांबावर लावलं, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रही.

२४ जून
कानसकाम. इथे दोन आठवड्यांपासून वाद चालू आहे, तो लिहून ठेवतो.

एक बाजू म्हणते, आधी हत्यार. सपाट पृष्ठभाग, मग काटकोन, मग समांतर बाजू. तुकडा करायचा, तपासायचा, भंगारात टाकायचा. हा मार्ग जुना आणि भक्कम आहे. मॉस्कोच्या तंत्रशाळेत व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी १८६८ च्या सुमारास प्रत्येक हत्याराच्या क्रिया सुट्या करून सोप्याकडून अवघडाकडे अशा लावल्या. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ते नमुने मांडले गेले आणि अमेरिकेतल्या तंत्रशाळांनी ती पद्धत उचलली. आजही फिटरचं पहिलं वर्ष जगात बहुतेक ठिकाणी याच सावलीत जातं.

दुसरी बाजू स्कँडिनेव्हियातून आली. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस आणि स्वीडनमधल्या नेएस इथे ओट्टो सालोमोन यांनी धरलेली ‘स्लोइड’ पद्धत. क्रम सोप्याकडून अवघडाकडेच, पण प्रत्येक पायरीला घरात वापरता येईल अशी वस्तू बनली पाहिजे. सुटी कसरत नको.

निदेशक पहिल्या पक्षाचे. त्यांचं म्हणणं, वस्तू बनवायला लागलं की पोरं ‘चालेल’ म्हणून पुढे जातात. तुकड्याला ‘चालेल’ नसतं, तो काटकोनात असतो किंवा नसतो. खरं आहे. पण आमची मुलं आयुष्यभर दुसऱ्याचं काम करून रिकाम्या हाताने घरी गेली आहेत. आठ दिवस घासलेला तुकडा भंगाराच्या पेटीत पडताना मी त्यांचे चेहरे पाहतो. शाळेतही त्यांचं असंच झालं होतं. वह्या भरल्या आणि रद्दीत गेल्या.

तोडगा असा की पहिला जॉब, म्हणजे बनवायची वस्तू, स्वतःचा गुण्या, काटकोन तपासायचं हत्यार. पातं आणि दांडा दोन्ही कानसून, रिव्हेट मारून. वस्तूही झाली आणि ‘चालेल’ला जागाही राहिली नाही, कारण वाकडा गुण्या पुढचा प्रत्येक जॉब वाकडा करतो आणि ते ज्याचं त्यालाच भोवतं. तपासायला प्रमाणित गुण्याही लागत नाही. सरळ कडेला टेकवून रेघ ओढायची, गुण्या उलटा करून त्याच बिंदूवरून दुसरी ओढायची. दोन रेघा जुळल्या तर काटकोन बरोबर, फाकल्या तर चूक त्या फटीच्या निम्मी. निदेशक कुरकुरत तयार झाले.

२७ जून
गणिताचा वेगळा तास बंद. फळ्यासमोर बसवलं की ही मुलं पुन्हा सहावीतली होतात, मान खाली घालून. आता गणित बाकावरच.

आजचा धडा हॅकसॉच्या, म्हणजे धातू कापायच्या करवतीच्या, पात्याचा. दोघांनी पाती तोडली म्हणून सुचला. पात्यावर १८ लिहिलं आहे, म्हणजे इंचाला १८ दात. इंच २५.४ मिमीचा, तर एका दाताला जागा किती? सुमारे १.४ मिमी. कापायचा पत्रा २ मिमीचा. म्हणजे एका वेळी जेमतेम एक दात पत्र्यावर, तो अडकतो आणि मोडतो. ३२ दातांच्या पात्यात एका दाताला ०.८ मिमी, म्हणजे अडीच दात पत्र्यावर. निदान दोन-तीन दात कायम धातूवर हवेत, हा नियम त्यांनीच काढला. भागाकार येत नाही म्हणणाऱ्या मुलीने १.४ आणि ०.८ सगळ्यांच्या आधी सांगितले. ती भाजीच्या हातगाडीवर वाढली आहे. तिला भागाकार येत होता, फक्त त्याला भागाकार म्हणतात हे माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ६००-८००-१००० चा काटकोन आणि चौकटीचे कर्ण.

९ जुलै
हजेरी घसरली. तीन जण गैरहजर. घरी जाऊन आलो. एकाच्या घरात आजारपण. एक मुलगी धाकट्या भावंडांना सोडून सकाळी आठला पोचू शकत नाही. तिसरा रात्रपाळीला पहारेकरी आहे, इथे येऊन उभ्या उभ्या डुलक्या घेत होता. मुलीची वेळ दहाची केली. पहारेकऱ्याला यंत्रांवर उभं करायचं नाही, दुसऱ्या सत्रात घ्यायचं. झोप न झालेला माणूस ग्राइंडरजवळ नको. हा शिस्तीचा प्रश्न नाही, सुरक्षेचा आहे. आजारपणाच्या घरात आमच्या हाती फार काही नाही. जागा राखून ठेवली आहे.

१९ जुलै
वेल्डिंग सुरू. पडदे लावले, धूर ओढणारा पंखा चालू, हेल्मेटच्या काचा दहा-अकरा नंबरच्या.

तुकडीतला एक मुलगा लहानपणापासून फॅब्रिकेशनच्या दुकानात राबलेला. त्याच्या टाक्याला आम्हा कोणाचीच तोड नाही. ३.१५ मिमीचा रॉड, हात स्थिर, खवले एकसारखे. करंट विचारला तर सांगता येत नाही, आवाजावरून लावतो. मीटर पाहिला तर ११५ अँपिअर, अगदी पुस्तकात असतो तेवढा. पण तो काच वापरत नाही. टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरणारा छोटा टाका, मारताना डोळे मिटतो आणि बाकीचं काम काळ्या गॉगलवर. म्हणाला, “सर, काच लावली की जॉब दिसत नाही.” ते खरंच आहे. आर्क पेटेपर्यंत काचेतून मिट्ट अंधार असतो. म्हणून त्याच्या हाती आपोआप काळी होणारी काच दिली. पहिल्यांदाच पूर्ण टाका उघड्या डोळ्यांनी पाहिला, तेव्हा आपण कुठे हात घाईने ओढतो ते त्यालाच दिसलं.

बाकीच्यांना समजावणं सोपं गेलं, कारण हाच पोरगा उभा राहून बोलला. आर्कचा प्रकाश लागला की लगेच काही होत नाही, काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. हे त्याने कितीदा भोगलंय. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपाच्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो, हेही त्यानेच सांगितलं. तो ताप दुकानात सगळे किरकोळ समजत. मुलामा आधी घासून काढायचा आणि हवा खेळती ठेवायची, ही भर आम्ही घातली. सगळ्याच वेल्डिंगच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं, तेही सांगितलं. घाबरवायला नाही. पुढे मालकाकडे पंखा मागताना हातात मुद्दा असावा म्हणून.

त्याचं पहिल्या टप्प्याचं वेल्डिंग शिकून झालं असं धरायचं. जे येतं ते पुन्हा शिकायला लावणं हा वेळेचा आणि माणसाचा अपमान. नकाशा, म्हणजे मापं लिहिलेलं कामाचं चित्र, वाचणं आणि त्यावरच्या जोडाच्या खुणा, इथून त्याची सुरुवात.

२२ जुलै
रंगांचा घोळ असलेल्या मुलाने शेवटी वायरिंगच निवडलं. प्रत्येक वायर मीटरने तपासून टोकाला नंबराची फेरूल, म्हणजे बारीक नळी, घालायची, रंगावर विसंबायचं नाही. ही सवय आता पूर्ण तुकडीलाच लावतोय. त्याची अडचण इतरांच्या कामी आली.

५ ऑगस्ट
निदेशकांसोबत बसलो. उत्तम कारागीर आहेत, पण शिकवताना ‘असं धर, असं मार’ यापलीकडे शब्द नाहीत. दोष त्यांचा नाही. तीस वर्षांत हात काय करतो ते हातालाच ठाऊक, तोंडाला नाही.

१९४० मध्ये अमेरिकेत युद्धाच्या कारखान्यांसाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा कार्यक्रम निघाला होता. नवख्या लोकांना झटपट कामाला लावायचं होतं. त्यातली शिकवण्याची चार पावलं अजून कुठे जुनी झालेली नाहीत. शिकणाऱ्याला तयार कर, काम दाखव, त्याच्याकडून करवून घे, नंतर लक्ष ठेव. त्यांचा खरा जीव तयारीच्या तक्त्यात आहे. डावीकडे कामाच्या पायऱ्या, उजवीकडे प्रत्येक पायरीतली मेख. मुलाने करून दाखवताना ती मेख तोंडाने सांगायची.

निदेशकांनी टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, मारण्याचा तक्ता केला. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, बुरा तुटण्यासाठी. टॅप सरळ आहे ना ते दोन दिशांनी गुण्या लावून बघायचं. जड लागला तर जोर नाही, मागे घ्यायचा. लिहून झाल्यावर म्हणाले, “हे एवढं सगळं मी करतो?” (नंतरची भर : त्या दिवसापासून टॅप मोडणं जवळजवळ थांबलं.)

१४ ऑगस्ट
ड्रिलच्या चकला, म्हणजे बिट पकडणाऱ्या भागाला, स्प्रिंगची चावी आणली. हात सोडला की आपोआप बाहेर. आता ‘चावी काढली का’ म्हणून ओरडायला नको.

४ सप्टेंबर
वायरिंगच्या बोर्डांवर दोष लपवण्याचा खेळ. एका जोडीने दोष घालायचा, दुसरीने शोधायचा. सैल स्क्रू, उलटी पडलेली फेज-न्यूट्रल, स्विच न्यूट्रलमध्ये. शोधणाऱ्यांपेक्षा घालणारे जास्त शिकतात, असं दिसतंय. तुटलेल्या अर्थचा दोष सगळ्यांत लबाड, कारण दिवा लागतो, पंखा फिरतो, सगळं छान चालतं.

नियम एकच, तो रोज म्हणून घेतो. बंद कर, कुलूप लाव, तपास. आणि तपासायचं ते तीनदा. टेस्टर आधी चालू ठिकाणी लावून बघ, मग बंद केलेल्या ठिकाणी, मग पुन्हा चालू ठिकाणी. मेलेला टेस्टर ‘वीज नाही’ असंच सांगतो. इन्सुलेशनची चाचणी ५०० व्होल्ट डीसीवर, निदान १ मेगओहम. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, प्रत्येक बोर्डावर, पण आरसीसीबी आहे म्हणून कुलूप टाळणाऱ्याला त्या दिवशी फक्त भांडारात बसायचं काम.

एका मुलीला विजेची भीती वाटते. बाकीचे हसले. मी तिला गटप्रमुख केलं. कुलपाच्या चाव्या तिच्याकडे.

२५ सप्टेंबर
मालकांची बैठक. पुढचे महिने मुलं त्यांच्याकडे काम करत शिकणार. करार लेखी हवा म्हटल्यावर दोघे उठून गेले. बरं झालं.

एक मालक म्हणाले, “शिकाऊ मुलाला झाडायला सांगितलं तर बिघडलं काय?” झाडायला हरकत नाही, स्वतःची जागा प्रत्येकाने झाडावी. वर्षभर नुसतं झाडण्याला हरकत आहे. मी त्यांना इटलीतल्या ट्यूरिनची गोष्ट सांगितली. डॉन बॉस्को या धर्मगुरूंनी १८५२ मध्ये एका पोराला सुताराकडे ठेवताना करार लिहून घेतला. त्यात मालकाने त्याला फक्त धंद्याचंच काम द्यायचं, सुधारायचं ते शब्दांनी, मारायचं नाही, आणि सुट्टी द्यायची. इतक्या वर्षांनी आम्ही त्याच कलमांवर घासाघीस करतोय.

आमच्या करारात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीतली (क्रमांक २०८) कलमं घेतली. मोबदला, कामाच्या तासांची मर्यादा, पगारी सुट्टी, इजा झाल्यास भरपाई, तक्रारीची सोय. अठरा पूर्ण न झालेल्या दोघांना धोक्याच्या कामावर पाठवायचं नाही. त्याच संघटनेच्या १९७३ च्या किमान वयाच्या कराराने (क्रमांक १३८) सोळानंतर पुरेशी शिकवण आणि पूर्ण संरक्षण असेल तर वाट ठेवली आहे, पण दुसऱ्याच्या छताखाली ते संरक्षण आम्ही कोणाच्या भरवशावर सांगायचं? ते दोघे इथेच राहतील.

१७ ऑक्टोबर
कामाच्या जागी भेटी. एका ठिकाणी मालकांची तक्रार अशी :

“पोरगी कामाला चांगली आहे हो, पण विचारत काही नाही. अडली की गप्प उभी राहते.”

तिला बाजूला घेतलं. ती म्हणाली, “सर, तुम्ही विचारा म्हणून शिकवलंय, पण आधी जिथे होते तिथे विचारलं की मार पडायचा.”

मालकांना एवढंच सांगितलं की दिवसातून दोनदा तुम्ही जाऊन तिला विचारा, काय अडलंय. ते मान हलवून ‘बघतो’ म्हणाले. दुसऱ्या एका ठिकाणी मुलगा खरोखर फक्त माल उतरवतोय. करार दाखवला, हसण्यावारी नेलं. मुलगा त्याच दिवशी परत आणला.

१४ नोव्हेंबर
परीक्षा. बाहेरचा परीक्षक, रोज हेच काम करणारा. जॉब एक, नकाशा एक, मापातली सूट अधिक-उणे ०.५ मिमी, आणि वायरिंगवाल्यांना लपवलेले दोष. गुण नाहीत. निकाल दोनच, ‘जमलं’ किंवा ‘अजून नाही’. ‘अजून नाही’ म्हणजे काय जमलं नाही ते लिहून द्यायचं आणि पुढची तारीखही तिथेच. तोंडी भागात प्रत्येकाने आपल्याच जॉबमधली एक चूक दाखवायची होती. परीक्षकांना हे विचित्र वाटलं. नंतर म्हणाले, कामावर घेताना मी हेच विचारेन.

पहारेकऱ्याचं ‘अजून नाही’. जॉब मापात, पण वेल्ड उघडून पाहिला तर आत स्लॅग, म्हणजे वेल्डिंगची मळी, अडकलेला. डिसेंबरात पुन्हा.

६ डिसेंबर
हत्यारांची पेटी द्यायची की नाही, यावर संस्थेत दोन तट. ‘विकून टाकतील.’ एखादा विकेलही. पण हत्यार नसलेला कारागीर हा पुन्हा मजूरच, दुसऱ्याच्या पेटीवर अवलंबून. पेटी द्यायची. वायरिंगला मल्टिमीटर हवाच, तिथे काटकसर नको. स्वस्त मीटरच्या आत फ्यूज धड नसतो आणि चूक झाली की तो हातात फुटतो. वेल्डिंगला मशीन देता येणार नाही, हेल्मेट, चामडी हातमोजे आणि चिपिंग हातोडी. गुण्या ज्याचा त्याने केलेलाच.

२० जानेवारी
बाहेर पडलेल्यांचा पहिला फेरा. बहुतेक कामावर आहेत. दोन मुली एकत्र वायरिंगची छोटी कामं घेताहेत. फॅब्रिकेशनवाला पोरगा आता नकाशा वाचतो म्हणून मालकाने त्याला मापं घ्यायला बाहेर पाठवायला सुरुवात केली आहे. एकाने काम सोडलं आणि फोन उचलत नाही.

मुलींनी वेगळाच प्रश्न आणला. पहिल्या कामात हाती काही उरलं नाही. काम चोख, पण किंमत सांगताना फक्त मालाची बेरीज केली. वायर कापताना वाया जाणारे तुकडे, दोनदा जाण्या-येण्याचा वेळ, नंतर एकदा जाऊन बघायचं, यातलं काहीच धरलं नव्हतं. गिऱ्हाइकाने घासाघीस केली तेव्हा त्यांनी स्वतःची मजुरीच सोडली.

आमच्या अभ्यासक्रमात अंदाजपत्रक नाही. मार्चपासून संध्याकाळचे तास, जुन्या तुकडीलाही बोलवायचं. चार रकाने : माल, वाया जाणारा माल, मजुरी, येण्या-जाण्याचा वेळ. पाचवा रकाना त्या दोघींनीच सुचवला, ‘कुठवर खाली यायचं’. सरावाचा पहिला जॉब त्यांचंच ते तोट्यातलं काम. कागद घेऊन यायला सांगितलं आहे.